गंगम्मानं सांगितलं ते

पाणी दाखवणारा माणूस रानात उतरला की त्याला हाक मारायची नाही, असा उमरग्याकडच्या गावांचा नियम. पाणाड्या पहाटे उपाशीपोटी, अनवाणी, तळहातावर नारळ आडवा ठेवून चालू लागतो. मागून येणाऱ्यांनी तोंड मिटून चालायचं. तो थांबला की थांबायचं, वळला की वळायचं. तो खाली बसला की तिथं दगड रोवून चुना फासायचा. मध्येच कुणी बोललं तर जमिनीतलं पाणी बिचकून खाली जातं, म्हणतात. पाण्याला कानडी आणि मराठी दोन्ही कळतात, याची त्या गावांना खात्री होती. शाळेतल्या मुलांबद्दलही एवढी खात्री कुणाला नव्हती.

शिवलिंगप्पा असा पाणाड्या होता आणि गंगम्मा त्याची बायको. मुरुमपासून तीन-चार कोसांवर, कर्नाटकच्या शिवेला टेकून त्यांचं गाव. घरची आठ एकर जमीन, तीही दगडाळ. शिवलिंगप्पा बुटका, गोरा, मऊ बोलणारा. गंगम्मा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, हाडकुळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आवाज असा की ती अंगणात बोलली की वेशीतली माणसं बिडी विझवून ऐकत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या पस्तीस वर्षांत तिनं नवऱ्याच्या विद्येवर एक दिवसही विश्वास ठेवला नाही.

"नारळाला येवढं पाणी कळतंय," ती म्हणायची, "तर त्येलाच सोडा की रानात. तुमी कशाला उनात फिरायलाव?"

शिवलिंगप्पा हसून घ्यायचा. गाव मात्र हसत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात त्याला न्यायला लांबलांबच्या गावांहून बैलगाड्या यायच्या, दोनदा तर जीप आली. गंगम्मा त्या वर्षी खडी फोडायला जात होती. सरकारनं दिलेली सुकडी पदरात बांधून ती संध्याकाळी परत यायची, तेव्हा हा फेटा, उपरणं आणि फोडलेल्या नारळाच्या वाट्या घेऊन घरी बसलेला असायचा. त्यानं दाखवलेल्या जागांपैकी सतरा विहिरी लागल्या, असं गाव सांगतं. गंगम्माच्या मते अकरा. "आन त्या अकराबी नारळानं न्हाय लागल्या," ती म्हणायची. "माणसं खांदत ऱ्हायली म्हणून लागल्या. कोरड्या गेल्या तितं कुणी फेटा काढून घ्यायला आलं न्हाय, येवढंच."

अशी बायको घरात असताना माणूस गर्वानं फुगत नाही. शिवलिंगप्पा फुगला नाही. एका बाजूला त्याला देव मानणारं गाव आणि दुसऱ्या बाजूला ही. त्याचं बरं चाललं होतं.

पंच्याऐंशी साली पाऊस पुन्हा गेला. त्याच वर्षी शिवलिंगप्पा विसरू लागला.

आधी किरकोळ. तांब्या घेऊन घरात मधोमध उभा राहायचा. पाणी प्यायला घेतला की परसाकडं जायला, ते आठवायचं नाही. मग पायताण पिठाच्या डब्यात सापडलं. मग एके दिवशी स्वतःच्या दारात येऊन त्यानं विचारलं, हे घर कुणाचं? गंगम्मा म्हणाली, "तुमच्या सासऱ्याचं." तिला वाटलं, चेष्टा करतोय. तो आत आला, कोपऱ्यात बसला आणि गुडघ्यात डोकं घालून म्हणाला, "गंगा, मला काय व्हायलंय गं?"

"म्हातारपण व्हायलंय. दुसरं काय व्हायलंय!"

पण तो रोज विचारू लागला. दिवसातून तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. डोळ्यांत तीच भीती, ताजी. विसरणाऱ्या माणसाला भीतीची तरी सवय व्हावी, तर तीही होत नाही.

मुलाचं नाव बसलिंग. दोनदा मॅट्रिकला बसून तिसऱ्यांदा न बसलेला. तो बापाला सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं शिवलिंगप्पाला शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. "उलटं कशाला?" शिवलिंगप्पानं विचारलं. "सुलटं मोजलं तर चालंना का?" डॉक्टरनं वार विचारला, साल विचारलं, मग त्याला बाहेर बसवलं आणि मुलाशी अर्धं इंग्रजीत बोलला. चिठ्ठी लिहून दिली आणि निघताना सल्ला दिला की पेशंटला काही सांगू नका, धक्का बसेल. ज्याचं डोकं, त्यालाच त्याच्या डोक्याची खबर द्यायची नाही, हे त्या शहाण्या माणसानं फी घेऊन सांगितलं.

बसलिंगनं घरी येऊन आईला सांगितलं, "आशक्तपणा हाय. हवापालट कराया सांगितलीय." हवापालट म्हणून मायलेकांनी त्याला तुळजापूरला नेऊन आणलं. तिथं पायऱ्यांवर तो हरवला. दोन तासांनी बांगड्यांच्या दुकानात सापडला. दुकानदारीण त्याला चहा पाजत होती.

गंगम्माला वाचता येत नव्हतं, पण माणूस खोटं बोलताना कुठं बघतो, ते तिला कळत होतं. बसलिंग आशक्तपणा म्हणताना म्हशीकडं बघत होता. तिनं त्याच्या सदऱ्यातली चिठ्ठी काढली, चोळीत घातली आणि मुरुमची वाट धरली.

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात मच्छिंद्र कंपाउंडर होता. याच गावचा, बौद्धवाड्यातला. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव विहिरीत टाकले, तेव्हा गंगम्मा गावातली तरणी सून होती आणि गावाबरोबर तिनंही बोटं मोडली होती. आता गावातलं कुणीही आजारी पडलं की आधी मच्छिंद्रकडं यायचं, आणि बरं झालं की देवाला जायचं.

"बसा, मावशी," तो म्हणाला. "पाणी घेता? का गावात कळंल?"

"दे हिकडं," गंगम्मा म्हणाली. "तीन कोस चालून आलीया. कळू दे गावाला. गावाला दुसरं काय कळतंय!"

त्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मग घडी घातली.

"मावशी, ह्याला सिनाइल डिमेन्शिया म्हणतेत. आप्पांचा मेंदू आकसत चाललाय. आधी कालचं इसरतेत, मंग आजचं. ल्हानपणचं लई दिस टिकतं."

"आवशद?"

"न्हाय."

"न्हाय म्हंजी मुरुमात न्हाय, का सोलापुरात न्हाय?"

"कुठंच न्हाय, मावशी."

गंगम्मानं तांब्या खाली ठेवला. बाहेर बाकावर एक पोर रडत होतं. ते थांबल्यावर तिनं विचारलं,

"त्येनला सांगावं का?"

"इचारतेत का तेनी?"

"दिसातनं चारदा."

"मंग सांगा. न सांगितल्यानं भ्या कमी हुईना, उलट वाढतंय. पर मावशी, हाणल्यावानी सांगू नका. तुमचं तोंड मला ठावं हाय."

गंगम्मा घरी आली ती सांगायचं ठरवूनच. पण सांगणं जमेना. ज्या तोंडानं पस्तीस वर्षं टोमणे मारले, त्या तोंडातून ही गोष्ट बाहेर येईना. दोनदा तिनं सुरुवात केली आणि दोन्ही वेळा भांडीच आपटून ठेवली. तेवढ्यात गावानं हे प्रकरण आपल्या हातात घेतलं.

गावात सहकारी पाणीपुरवठा संस्था होती. चेअरमन आण्णासाहेब. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला लागते तेवढी चिकाटीही त्याच्यात नव्हती. संस्थेची सामुदायिक विहीर मंजूर झाली होती. भूजल खात्याच्या माणसानं रान तपासून जागा सांगितली होती ती बब्रुवानच्या शेतात, आणि बब्रुवान विरुद्ध पार्टीचा. आण्णासाहेबाला विहीर आपल्या बांधात हवी होती. सरकारी कागदाला हरवणारा दुसरा कागद नव्हता. पण शिवलिंगप्पा होता. सभासदांनी सरकारी माणसावर विश्वास ठेवला नसता. शिवलिंगप्पानं म्हटलं असतं की देवळाच्या गाभाऱ्यात पाणी आहे, तर त्यांनी पिंड हलवली असती.

आणि शिवलिंगप्पा तर आता रोजच रानात जात होता. नारळ नाही, मुहूर्त नाही. सकाळी उठायचा आणि घर शोधायला निघायचा. त्याच्या बापाचं घर, जे चाळीस वर्षांपूर्वी पडलं होतं. बांधाबांधानं फिरायचा, थांबायचा, वळायचा. गावानं बघितलं आणि निदान केलं, ते सोलापूरच्या डॉक्टरपेक्षा जलद. आप्पाला आता नारळही लागत नाही. पाणी त्यांच्या अंगातच उतरलंय.

बसलिंगला खरं माहीत होतं. आण्णासाहेबालाही, बसलिंगनंच त्याला सांगितलं होतं. आण्णासाहेब म्हणाला, "हे बग, पाणी दावणं हे काय डोक्याचं काम न्हाय. डोकं गेलं म्हणून इद्या जाती का?" मग त्यानं संस्थेच्या मोटारीवर ऑपरेटर म्हणून बसलिंगचं नाव सुचवलं. बसलिंगला बापाचं दुःख होतंच. नोकरीनं ते जरा दाबलं गेलं.

शहाऐंशीच्या चैत्रात एका सकाळी शिवलिंगप्पा घराबाहेर पडला आणि जेवणवेळ झाली तरी आला नाही. गंगम्मा शोधायला निघाली. पाणवठ्यावर एकही बाई नव्हती, पारावर एकही पुरुष नव्हता. मारुतीपुढं एक कुत्रं तेवढं होतं. गाव ओस पाडून सगळे कुठं गेले, ते तिला तळ्याच्या माळावर चढल्यावर दिसलं.

खाली काळ्या रानात शिवलिंगप्पा चालत होता. अनवाणी. मागं दहा पावलांवर आण्णासाहेब, त्याच्या मागं तीसएक माणसं, शेवटी चुन्याचं घमेलं घेतलेला गडी. सगळे मुके. शिवलिंगप्पा थांबला की ते थांबत. तो आकाशाकडं बघे, ते आकाशाकडं बघत. तो भेगाळलेल्या जमिनीवरून भेलकांडत होता. तेही पाय जपून टाकत होते. सकाळी सातला तो निघाला होता आणि आता बारा वाजून गेले होते. पाच तास तीस माणसं पाणी शोधत एका म्हाताऱ्याच्या मागं फिरत होती आणि त्यांच्यातल्या एकानंही त्याला घोटभर पाणी दिलं नव्हतं. देणार कसं? बोलावं लागलं असतं.

गंगम्मा माळ उतरू लागली तोवर तो आण्णासाहेबाच्या बांधापाशी मटकन खाली बसला. तळपाय भाजले होते, म्हणून बसला. आण्णासाहेबाचा चेहरा फुलला. गड्यानं दगड आणला, रोवला, चुना फासला. दगडाशेजारी शिवलिंगप्पा पाय हातात धरून रडत होता आणि गाव हात जोडून उभं होतं.

तेव्हा माळावरून हाक आली.

"अवं! उठा! घर हिकडं हाय!"

तीस डोकी वळली. कुणीतरी "गप, काकू" असं कुजबुजलं. आण्णासाहेबानं ओठांवर बोट ठेवलं. गंगम्मा त्याच्या अंगावरूनच पुढं गेली.

"कुणाला गप म्हणतोस रं? ह्यो मानूस मरायलाय आन तुमी चुना लावायलाव! पाणी हाय का एकाकडं तरी? पाणी शोदायला आलाव न्हवं?"

एकाकडंही नव्हतं. तिनं पदर त्याच्या डोक्यावर टाकला, त्याला उठवलं आणि आपलं पायताण काढून त्याच्या पायात घातलं. ते त्याला मोठं होत होतं. मागून कुणी आलं नाही. पाणी खाली गेलं की काय, याची चर्चा चालू होती.

त्या वाटेवर गंगम्माला एक गोष्ट स्वच्छ दिसली. हा माणूस असाच कुठल्यातरी बांधावर मरणार. आणि एकटा नव्हे, सगळ्या गावाच्या देखत, गाव मुकाट उभं असताना. त्याचं त्यालाच कळलं नाही तर तो रोज उठून जाणार, आणि गाव त्याला जाऊ देणार.

घरी आल्यावर तिनं त्याचे पाय ताकानं धुतले. गावात तेव्हा ताक प्यायलाही नव्हतं. मग भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. तो सावकाश जेवला, हात धुतला, भिंतीला टेकला आणि म्हणाला,

"गंगा, मला काय व्हायलंय गं?"

"सांगू?"

"सांग की."

"रागावचाल."

"तू बोललीस आन म्या रागावलो न्हाय, आसं कवा झालंय?"

ती त्याच्यासमोर बसली. "तुमाला आजार झालाय. इसरायचा. सोलापूरच्या डाक्तरनं सांगितलंय, मच्छिंदरनं वाचून दावलंय. डोस्क्यातलं हळूहळू चाललंय. आधी कालचं, मंग आजचं. आवशद न्हाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग मान फिरवली.

"झालं तुजं? जलमभर नारळाला हसलीस, आता डोस्क्याला हसायलीस."

"हसंना म्या."

"आण्णासाब म्हणतेत, माज्या अंगात पाणी आलंय. बसलिंग म्हणतोय, आशक्तपणा हाय. सारं गाव पाया पडायलंय. तू एकलीच म्हणतीस बिघडलंय."

"व्हय. म्या एकलीच म्हणती."

"मंग तुजं कशाला खरं मानू?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. पस्तीस वर्षं त्याच्या विद्येला ती नाही म्हणत आली होती. आता एकदाच त्यानं आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं, आणि ठेवावा असं तिनं त्याच्यासाठी काहीच करून ठेवलं नव्हतं. 

"एक सांगा," ती म्हणाली. "म्या तुमाला कवा गोड बोलले का?"

त्यानं विचार केला. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. "न्हाय."

"लगीन झाल्यापस्नं?"

"एकदा बोललीस. बसलिंगच्या येळंला. तुला ताप हुता."

"त्ये तापात. सुद्दीत?"

"सुद्दीत न्हाय."

"मंग ह्या वयात खोटं बोलायला कशाला लागंन म्या?"

शिवलिंगप्पा हसला. मोठ्यानं, पोट धरून, जुन्या दिवसांसारखा. हसता हसता थांबला, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना तिनं बघितलं. एकेक पायरी, एखादा माणूस विहिरीत उतरावा तसं. गावानं त्याच्यासमोर इतके दिवस मान तुकवली होती. त्या मानेतून त्याला काही कळलं नव्हतं. या बाईच्या कडवट जिभेवर तो विसंबू शकत होता, कारण त्या जिभेनं त्याला कधीच सोडलं नव्हतं.

"मंग ह्येबी इसरंन म्या? तू आता सांगितलंस त्ये?"

"इसरचाल."

"आन तुला?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. "कवातरी," ती म्हणाली.

तो ओल्या पायांकडं बघत म्हणाला, "रोज सांग मंग. पर जेवल्यावर सांग. उपाशीपोटी नगं."

तसं ती सांगू लागली. कुठल्या दिवशी तो ऐकून रडायचा. कुठल्या दिवशी चिडून ताट भिरकवायचा. भिंतीवर वरणाचे डाग पडले ते कितीतरी दिवस राहिले. कधी नुसतं "आसं व्हय" म्हणून पान लावायला घ्यायचा. एकदा म्हणाला, "डाक्तरला म्हणावं, तूच मोज उलटं." गंगम्मा रोज तेच सांगायची आणि रोज तिला ते पहिल्यासारखंच जड जायचं. टोमणे मारणं तिला श्वासाइतकं सोपं होतं. हे नव्हतं. ती वाक्य सुरू करण्याआधी लुगड्याला हात पुसायची, कोरडे असले तरी.

एक बदल झाला. सांगितलेलं त्याच्या डोक्यात तासभर टिकायचं. त्या तासात तो रानात जात नव्हता.

वैशाखात सभासद अडून बसले. गंगम्मानं मध्येच हाक मारली होती, तेव्हा आप्पांनी जागा पुन्हा दाखवावी, नारळ घेऊन, विधीनं. आण्णासाहेब सकाळी सातलाच जीप घेऊन दारात हजर. सोबत एक संचालक, आणि नवा फेटा हातात घेतलेला बसलिंग.

शिवलिंगप्पा अंगणात बसला होता. जीप बघून तो आनंदला. "आमाला न्यायला?"

"व्हय, आप्पा. बसा."

"थांबा," गंगम्मा चुलीपासून म्हणाली. "जेवून जातेल तेनी."

"काकू, पाणाड्या उपाशीपोटी..."

"आमचा पाणाड्या जेवून जातो. बसा तुमीबी, का हुबं ऱ्हाताव?"

तिनं ताट वाढलं. शिवलिंगप्पाला दात थोडे होते आणि घाई कधीच नव्हती. तो भाकरीचा एकेक तुकडा वरणात भिजवून खात होता आणि संस्थेचे चेअरमन, एक संचालक आणि ड्रायव्हर उन्हात उभे राहून ते बघत होते. त्यानं आणखी अर्धी भाकरी मागितली. बसलिंग म्हणाला, "आव्वा, टाइम हुतोय." ती म्हणाली, "तुज्या बाचं सारं आयुक्ष चाललंय, तुजा टाइम कशानं चाललाय?"

त्यानं हात धुतला. तिनं लुगड्याला हात पुसले.

"ऐका," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत, रोजच्यासारखं, सांगितलं. तुमाला आजार झालाय. इसरायचा. आवशद न्हाय.

आण्णासाहेब पुढं झाला. "काकू, आसं तोंडावर बोलतेत का? मानूस खचंल की!"

शिवलिंगप्पानं हात वर करून त्याला थांबवलं.  मग आण्णासाहेबाकडं बघून त्यानं विचारलं, अगदी मऊ, खबर काढावी तसं, "तुमाला ठावं हुतं?"

आण्णासाहेब जीपकडं बघू लागला.

"तुला?"

बसलिंगनं म्हशीकडं बघितलं.

"आन म्या रानात फिरतोय, तवा तुमी मागं असताव?"

कुणी बोलेना. नियम पाळायची सवय होती, ती इथं कामाला आली.

"मंग जावा तुमी," शिवलिंगप्पा म्हणाला. "म्या आजारी हाय."

विहीर शेवटी पहिल्याच खुणेवर, आण्णासाहेबाच्याच बांधात झाली. साठ फूट खोदली, सुरुंग लावले, खाली कोरडा पाषाण लागला. संस्थेच्या सभेत आण्णासाहेबानं कारण सांगितलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं, की पाणी होतं. गंगम्मा ओरडली म्हणून खाली गेलं. बसलिंगच्या मोटारीला उचलायला पाणीच नव्हतं, म्हणून त्याची नेमणूक झाली नाही. त्यानं महिनाभर आईशी बोलणं सोडलं. तिला ते उशिरा लक्षात आलं.

शिवलिंगप्पानं मात्र एक नवी गोष्ट सुरू केली, आणि ती कुणी शिकवली नव्हती. जेवणानंतर गंगम्मानं सांगितलं की तो काठी घेऊन उठायचा. तासभर हाताशी होता. त्या तासात तो पारावर जायचा, गिरणीत जायचा, बौद्धवाड्यातल्या हातपंपावर जायचा आणि भेटेल त्याला सांगायचा:

"मला इसरायचा आजार झालाय. रानात वाट चुकलो, तर हाक मारा."

लोक ओशाळायचे. काही जण पाया पडायचे. एकानं तर हे कोडं समजून त्याचा अर्थ मुरुमच्या बाजारात विचारला. आषाढ निम्मा गेला तरी तो चुकला की मागं सात-आठ माणसं मुकाट चालतच होती. माणसाची एखादी खोड जायला किती वेळ लागतो, आणि त्यातून भक्तीची.

मग एका दुपारी सरुबाई हातपंपावर घागर भरत होती. ती मच्छिंद्रची चुलती. वेड्यावाकड्या पावलांनी शिवलिंगप्पा ओढ्याकडं निघालेला तिनं बघितला; मागं पाचजण, तोंडं मिटून. तिनं घागर तशीच ठेवली.

"ओ आप्पा! वडा हाय तितं! तुमचं घर मागं ऱ्हायलं!"

शिवलिंगप्पा वळला. "आसं व्हय?" तो म्हणाला. "बरं झालं, सांगितलंस."

पाचजण तिच्याकडं बघत उभे राहिले. ती म्हणाली, "काय बगताव? तेनी आपल्या तोंडानं सांगून गेलते. तुमचं कान काय वड्यात पडल्यात?"

त्यांच्यातल्या एकानं खाकरून घसा मोकळा केला. मग म्हणाला, "आप्पा, चला, म्या सोडतो." शिवलिंगप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला विचारलं, तू कुणाचा? त्यानं सांगितलं. चार पावलांवर पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. घरापर्यंत त्याला ते अकरा वेळा सांगावं लागलं, आणि दारात त्यानं सुस्कारा टाकला तसं गंगम्मानं त्याला विचारलं, "दमलास व्हय रं येवढ्यात?"